जुन्या तेल-इंजिनाचा बिघाड : निदानाचा क्रम आणि त्याची वाक्ये

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या पुढे वसलेले आहे. या अवर्षणप्रवण टापूत बागायत म्हणजे विहिरीचे पाणी; आणि मोट व विजेचा पंप यांच्या मधला काळ डिझेलवर चालणाऱ्या तेल-इंजिनाचा होय. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीने १९२९ च्या सुमारास बाजारात आणलेल्या, मिनिटास सुमारे ६०० फेरे घेणाऱ्या एकसिलिंडरी इंजिनाच्या धर्तीवर पुढे राजकोट येथे मोठ्या संख्येने इंजिने तयार झाली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. अशा जुन्या इंजिनाचा बिघाड मिस्त्री कसा शोधतो हे प्रथम पाहू, आणि मग त्या शोधाला मराठी क्रियापद कसे उपयोगी पडते याचा विचार करू.

१. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनाला ती लागत नाही. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली की ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून इंजिन सुरू होत नसेल तर प्रश्न दोनच : डिझेल वेळेवर व फवाऱ्याच्या रूपाने पोचते काय, आणि दाब पुरेसा होतो काय?

पहिल्या प्रश्नासाठी हँडलने चाक सावकाश फिरवून कान देतात. नोझल ठीक असेल तर डिझेल उडताना 'किर्र' असा आवाज येतो. तो न आल्यास टाकीची तोटी, गाळणी व नळी पाहून, पंपाजवळचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देतात. (सुटे केलेले नोझल तपासताना फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये, ती धार कातडीत शिरते.) दुसऱ्या प्रश्नासाठी चाक दाबाविरुद्ध हाताने ढकलतात. दाब चांगला असेल तर ते उसळून मागे येते. सहज फिरले तर सिलिंडरमध्ये थोडे इंजिन-ऑइल घालून पुन्हा फिरवतात. आता दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेडखालच्या पॅकिंगचा.

इंजिन चालत असेल तर धूर साक्ष देतो. काळा धूर हवेची कमतरता, जादा भार किंवा गळके नोझल सुचवितो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते किंवा पाणी आत शिरले आहे.

२. आता भाषेकडे वळू. शेतकरी मिस्त्रीला सांगतो : 'इंजन सुरू होईना', 'दम धरंना', 'लोड घेईना'. मिस्त्री तपासून सांगतो : 'हवा धरली', 'रिंगा चिकटल्या', 'व्हॉल्व्ह जळला'. पहिल्या गटातील '-ना' हे रूप केवळ नकार दाखवीत नाही. प्रयत्न करूनही अपेक्षित क्रिया घडत नाही, असा त्याचा अर्थ आहे. 'सुरू होत नाही' या वाक्यात हँडल मारून थकलेला हात दिसत नाही. 'होईना'मध्ये तो दिसतो. दुसऱ्या गटातील भूतकाळी रूप पूर्ण झालेली घटना व तिची उरलेली स्थिती सांगते. म्हणजे एक वाक्य लक्षणाचे, दुसरे कारणाचे. आणि 'तेल घालून दाब वाढला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह' हे संकेतार्थी वाक्य या दोहोंमधील पूल होय.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, खर्चाचाही आहे. 'रिंगा चिकटल्या' म्हणजे काजळी धरली. त्या रॉकेलमध्ये भिजवून, साफ करून पुन्हा बसविता येतात. 'रिंगा गेल्या' म्हणजे झिजल्या. नव्या आणाव्या लागतात. तसेच 'हवा धरली' असे म्हटले तर ती एकदा काढली की काम झाले. पण 'हवा घेतंय' असे म्हटले तर नळीचा जोड कोठेतरी सैल आहे, आणि तो बांधल्याशिवाय हवा कितीदाही काढली तरी व्यर्थ. येथे कारणाचे वाक्यही वर्तमानकाळी आहे, कारण कारणच चालू आहे. अपवाद वाटणारे हे उदाहरण मूळ विधानाला पुष्टीच देते.

३. या शब्दसंपत्तीत अनेक थर आहेत. 'दुरुस्ती' फारसीतून आलेली, 'मिस्त्री', 'चावी' व 'पिंप' पोर्तुगीजमधून, 'नोझल' व 'पिस्टन' इंग्रजीतून. क्रियापदे मात्र बहुतेक घरचीच : धरणे, बसणे, चिकटणे, झिजणे, गळणे. परकी नामे मराठी लिंग-वचन घेऊन ('रिंग'चे 'रिंगा') या क्रियापदांच्या हाताखाली काम करतात.

परिभाषेचा आपला विचार मात्र प्रायः नामांपाशी थांबला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून कोशांचे मोठे काम झाले, आणि 'दट्ट्या', 'झडप' यांसारखे सुबोध शब्द पाठ्यपुस्तकांत रुळले. परंतु 'झडप' ही 'चिकटली', 'जळली' की 'बसत नाही', हे कोशातील नोंद सांगत नाही. आणि दुरुस्ती तर नेमकी तेथेच सुरू होते. 'झडपेमध्ये दोष आढळतो' असे लिहिणारी मार्गदर्शिका शुद्ध असेल, पण तिच्या आधारे विहिरीवरचे इंजिन सुरू होणार नाही.

विजेच्या पंपांमुळे ही इंजिने मागे पडत चालली आहेत आणि त्यांच्याबरोबर ही वाक्येही जातील. पदव्युत्तर अभ्यासकांनी क्षेत्रकार्यात केवळ अवजारांच्या नावांची यादी करून परत येऊ नये. बिघडलेल्या इंजिनाशेजारी बसावे, तक्रारीपासून निदानापर्यंतचा संवाद क्रियापदांच्या रूपांसह जसाच्या तसा उतरून घ्यावा. व्यवसायभाषेचे व्याकरण त्या संवादात आहे, नामसूचीत नाही.