राजमान्यता आणि विद्वन्मान्यता

आमच्या मराठवाड्यांत कोणाच्या मुलास सरकारी अधिकाराची जागा मिळाली म्हणजे आळींत पेढे वांटले जातात, वर्तमानपत्रांत छबी येते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरीं ओळखीच्या व बिनओळखीच्या माणसांची ये-जा सुरू होते. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु एखाद्या विद्वानास त्याच्याच विद्येंतील जाणत्यांनीं आपल्या पंक्तीस बसविलें, तर त्या गोष्टीचा अर्थ काय, हें आपल्या सुशिक्षित घरांतहि फारसें कोणी विचारीत नाहीं. पहिला मान राजदरबारचा, दुसरा विद्वत्सभेचा. या दोहोंतील भेद एका मराठी माणसाच्या चरित्राच्या आधारें वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर. यांचा जन्म १९४३ सालीं गोमंतकांतील माशेल या गांवीं झाला. वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलें, आणि आईनें मुंबईंत मिळेल तें काम करून मुलास वाढविलें. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पायांत वहाण नव्हती, आणि माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठीं लागणारे २१ रुपये उभे करण्यास आईस तीन आठवडे लागले, हें त्यांनीं स्वतःच अनेकदां सांगितलें आहे. पुढें मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्येच्या विभागांतून १९६६ सालीं पदवी व १९६९ सालीं पीएच. डी. मिळवून ते इंग्लंडांत अध्यापनास गेले, आणि १९७६ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत परत आले. १९८९ सालीं ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले, आणि १९९५ सालीं भारत सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. पंतप्रधानांच्या व केंद्रीय मंत्रिमंडळाच्या शास्त्रीय सल्लागार मंडळांवरहि ते सभासद होते. १९९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपला फेलो निवडलें. १९९५ चें पद सरकारनें दिलें. १९९८ चा मान कोणत्याहि सरकारास देतां आला नसता.

ही सोसायटी १६६० सालीं स्थापन झाली. नव्या फेलोचें नांव जुन्या फेलोंनींच सुचवावयाचें, त्या त्या शास्त्रांतील जाणत्यांकडून त्याच्या संशोधनाची छाननी करवावयाची, आणि मग मतदानानें निवड करावयाची, अशी येथील रीति आहे. निवड झालेल्यानें सोसायटीच्या जुन्या सनदी ग्रंथांत स्वहस्तें सही करावयाची असते; त्याच ग्रंथांत १६७२ सालीं फेलो झालेल्या न्यूटनची सही आहे. आपल्या देशांतून या पंक्तीस पहिल्यानें बसले ते मुंबईचे पारशी जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी, १८४१ सालीं. १९१८ सालीं श्रीनिवास रामानुजन यांची निवड झाली, त्यापूर्वी कांहीं वर्षें ते मद्रास बंदराच्या कचेरींत कारकून होते. कारकुनीमुळें त्यांचें गणित कोणी हलकें मानलें नाहीं.

सरकारी विज्ञानाची धुरा वाहणाऱ्यांपैकीं इतरहि कित्येकांस हा मान लाभला आहे. शांतिस्वरूप भटनागर हे १९४२ सालीं स्थापन झालेल्या त्याच संशोधन परिषदेचे पहिले प्रमुख. ते १९४३ सालीं फेलो झाले. एम. जी. के. मेनन १९७० सालीं फेलो झाले, आणि १९८६ सालीं पंतप्रधानांचे शास्त्रीय सल्लागार. १९९९ सालीं भारत सरकारनें प्रमुख वैज्ञानिक सल्लागाराचें पद निर्माण केलें. त्यावर २०१८ सालीं आलेले के. विजयराघवन हे २०१२ पासून, आणि २०२२ सालीं आलेले अजयकुमार सूद हे २०१५ पासून फेलो होते. म्हणजे अधिकार हातीं असो वा पुढें यावयाचा असो, सोसायटी तपासते तें संशोधन. आमच्या मतें हें योग्यच आहे. राज्यकर्त्यांच्या कानाशीं ज्यानें बोलावयाचें, त्याचें बोलणें आधीं विद्वानांच्या कसोटीस उतरलेलें असावें.

माशेलकरांचें संशोधन कशाविषयीं, हें आमच्या भगिनींस स्वयंपाकघरांतूनच सांगतां येईल. न्यूटननें प्रवाही पदार्थांविषयीं एक नियम घालून दिला. पाणी, गोडें तेल, वितळलेलें तूप हे पदार्थ तो पाळतात. हळू ढवळा कीं जोरानें ढवळा, त्यांचा दाटपणा तोच राहतो. पण विरजलेलें दहीं पाहा. भांडें किंचित् कलतें केलें तरी तें जागचें हलत नाहीं, आणि रवी फिरूं लागली कीं वाहूं लागतें. न्यूटनचा नियम न पाळणारे असे पदार्थ पुष्कळ आहेत. वितळलेलें प्लॅस्टिक व घराच्या भिंतीस लावावयाचा रंग हे त्यांतलेच. त्यांचा प्रवाह नळ्यांतून व यंत्रांतून कसा चालतो, हा माशेलकरांच्या आरंभींच्या अभ्यासाचा विषय. पुढें लांबच लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थांच्या शास्त्रांत त्यांनीं काम केलें. न्यूटनच्या नियमाबाहेरील पदार्थांचा अभ्यास करणाऱ्याची सही न्यूटनच्या सहीच्या ग्रंथांत झाली, हा योग मोठा मौजेचा आहे.

या सोसायटीचें एक ब्रीद आहे. त्याचा आशय असा कीं, कोणाच्याहि केवळ शब्दावर विसंबूं नये. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. आम्हांस हें ब्रीद प्रथम कानीं पडलें तेव्हां मनांत किंचित् शंका आली. आपल्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. मग या ब्रीदानें चौथें प्रमाण उडविलें कीं काय? विचार करितां तसें दिसेना. न्यायशास्त्रहि ज्याला त्याला शब्दाचा अधिकार देत नाहीं. ज्यास विषयाचें खरें ज्ञान आहे व जें जाणलें तेंच जो सांगतो, अशा आप्ताचाच शब्द तें प्रमाण मानतें. शब्द टाकून द्यावा असें नव्हे, शब्द पारखून घ्यावा, एवढाच दोहोंचा अर्थ.

याचें प्रत्यंतर ज्या वस्तूच्या प्रकरणांत आलें, ती आमच्या नांदेडच्या मोंढ्यांत उन्हाळ्याच्या तोंडाशीं राशीराशीनें येऊन पडते. ती वस्तु म्हणजे हळद. नांदेड-हिंगोलीच्या रानांत ती पिकते, वसमतेस तिचा मोठा व्यापार चालतो, आणि बोट कापलें कीं चिमूटभर हळद दाबावी, हें आपल्या घरांत पोरासोरांस ठाऊक असतें. असें असतां मार्च १९९५ मध्यें अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें जखम बरी करण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट तेथील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिलें! माशेलकरांच्या नेतृत्वाखालीं संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. आमची आजी असें सांगत होती, एवढें म्हणून तेथें भागण्यासारखें नव्हतें. हें ज्ञान नवें नसून पूर्वींच ग्रंथांत नमूद होतें, असा लेखी पुरावा हवा होता. परिषदेनें ३२ दाखले काढले. त्यांत शंभर वर्षांहून जुने संस्कृत, उर्दू व हिंदी लेख होते, आणि १९५३ सालीं भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकांत आलेला एक निबंधहि होता. १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. पुढें २००१ सालापासून असें पारंपरिक ज्ञान ग्रंथांतून वेंचून संगणकावर नोंदवून ठेवण्याचें कामहि सुरू झालें. निजामाच्या राज्यांत ज्या पिढ्या शाळेंत उर्दू आणि घरीं संस्कृत शिकल्या, त्यांच्या वंशजांस या प्रकरणाचें विशेष अगत्य वाटावें. जीं पुस्तकें आपण माळ्यावर टाकलीं, तसलींच तेथें साक्षीस उभीं राहिलीं. तीं पूज्य म्हणून कोणीं मानलीं नाहींत. तपासून खरीं ठरलीं म्हणून मानलीं.

येथेंच एक अप्रिय गोष्टहि सांगितली पाहिजे, नाहींतर आमचा लेख केवळ स्तुतिपाठ ठरेल. पेटंट कायद्याविषयीं सरकारनें नेमलेल्या एका तज्ज्ञ-समितीचे माशेलकर अध्यक्ष होते. तिच्या अहवालांतील कांहीं मजकूर दुसऱ्याच्या निबंधांतून जसाचा तसा, उल्लेखावांचून आलेला आढळला, आणि त्यावर मोठी टीका झाली. २००७ सालीं माशेलकरांनीं तो अहवाल मागें घेतला, व दुरुस्त करून २००९ सालीं पुन्हां सादर केला. फेलो झाल्यानें कसोटी संपत नाहीं. ज्या नियमानें मान मिळतो, तोच नियम पुढें जन्मभर मानकऱ्यासहि लागू असतो. राजमान्यतेंत चूक झांकली जाण्याची सोय पुष्कळदां असते. विद्वन्मान्यतेंत ती नसते, व नसावी.

आतां आमच्या स्वतःच्या पदरचा दोष सांगतों. गिरगांवच्या युनियन हायस्कुलांत भावे नांवाच्या मास्तरांनीं एके दिवशीं मुलांस उन्हांत नेलें, बहिर्गोल भिंगानें सूर्याचे किरण कागदावर एकत्र आणून तो जाळून दाखविला, आणि मनाची शक्ति अशी एका ठिकाणीं आणली तर काय होईल, हें समजाविलें. त्या दिवसाचें ऋण माशेलकर अजूनहि सांगतात. भिंगाची किंमत ती काय! आम्हीहि मास्तरच होतों. लातूरच्या एका शाळेंत संस्कृताच्या तासास हरिद्रा हा शब्द आला, तेव्हां एका मुलानें उठून विचारिलें, "गुरुजी, सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावला कीं लाल कां होतो?" आम्हीं म्हटलें, "परीक्षेंत नाहीं तें. खालीं बैस." वास्तविक साबणांत क्षार असतो, आणि क्षारानें हळदीचा रंग पालटतो, हळदीस चुन्याचें पाणी देऊन कुंकू करितात तेंहि याच कारणानें. हें आम्हांस त्या दिवशीं ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. त्या मुलानें आमच्या वर्गांत पुन्हां कधीं प्रश्न विचारिला नाहीं.

लातूरच्या अभ्यासपद्धतीचें नांव आज सर्व महाराष्ट्रांत आहे, आणि नांदेडासहि शिकवण्यांसाठीं दूरदूरचीं मुलें येऊन राहतात. शेतकऱ्यांचीं व गोरगरिबांचीं मुलें या मार्गानें डॉक्टर-इंजिनियर झालीं, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु एखादा हुशार मुलगा वा मुलगी "मला शास्त्राचा अभ्यास करून संशोधन करावयाचें आहे" असें म्हणाली, तर घरांतील वडीलधाऱ्यांची मुद्रा कशी होते, तें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. संशोधनांत वर्षें फार जातात व प्राप्ति उशिरां होते, ही त्यांची चिंता खोटी नाहीं. पण ही चिंता वांटून घेण्यासाठींच तर एकत्र कुटुंब आहे. चार भाऊ मिळवते असतील, तर पांचव्यास दहा वर्षें प्रयोगशाळेंत बसूं देणें अशा घरास जितकें साधेल, तितकें एकट्यादुकट्या बिऱ्हाडास साधणार नाहीं. एका विधवा मातेनें तीन आठवडे हिंडून २१ रुपये जमविले. भरल्या घरांनीं त्याहून कमी करावें काय?

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. संध्याकाळीं दिवेलागणीस मुलें जवळ बसलीं, कीं आज किती गुण मिळाले हें जरूर विचारावें; पण आज कोणता प्रश्न विचारलास, हेंहि विचारावें. आणि उत्तर आपणांस येत नसेल तर तसें सांगावें. आम्हीं तें त्या दिवशीं सांगितलें नाहीं.