स्वयंचलित अर्थार्जनाच्या फसव्या योजना

सभासदाने एकदा विशिष्ट रक्कम भरली म्हणजे पुढे त्याच्या श्रमाविना किंवा नाममात्र श्रमाने, संगणक व आंतरजाल यांच्या साहाय्याने, आपोआप व नियमित मोठा परतावा मिळत राहील, असे आश्वासन देऊन पैसा गोळा करणाऱ्या फसव्या योजनांचा हा वर्ग होय. परतावा कशातून निर्माण होतो, याचे उत्तर योजनेगणिक वेगळे दिले जाते. कोठे जाहिराती पाहण्याचा मोबदला, कोठे आभासी चलनाचे यंत्राद्वारे उत्पादन, तर कोठे रोखेबाजारात अहोरात्र व्यवहार करणारी ‘बॉट’ नावाची संगणक-आज्ञावली पुढे केली जाते. वस्तुतः नव्या सभासदांनी भरलेला पैसाच जुन्यांना ‘नफा’ म्हणून वाटला जातो आणि उरलेला चालकांकडे जातो. नव्या पैशाचा ओघ आटला की योजना कोसळते.

स्वयंचलन ही गोष्ट मुळात फसवी नव्हे. बँकेतील ठेवींवरील व्याजाची आकारणी संगणकच करतो, तसेच ठरावीक नियमांनुसार रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या आज्ञावल्या शेअरबाजारात कायदेशीरपणे वापरल्या जातात. तथापि आज्ञावली व्यवहार जलद करते. बाजारातील जोखीम ती नाहीशी करू शकत नाही. म्हणूनच भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) सप्टेंबर २०२२ मध्ये परिपत्रक काढून, अशा आज्ञावलींच्या मागील वा अपेक्षित परताव्याचे दावे करण्यास व तसे दावे करणाऱ्या मंचांशी संबंध ठेवण्यास शेअरदलालांना मनाई केली. यंत्राच्या नावाने निश्चित नफ्याची हमी देणे, हे या फसवणुकीचे व्यवच्छेदक लक्षण आहे.

पूर्वपीठिका : या योजनांचे तंत्र संगणकाहून जुने आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरी चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ केला. परदेशांत स्वस्तात मिळणारी आंतरराष्ट्रीय टपाल-उत्तर कुपने अमेरिकेत आणून त्यांच्या दरांतील फरकावर हा नफा मिळतो, असे तो सांगे. त्याच्याकडे जमलेल्या रकमेच्या मानाने सु. १६ कोटी कुपने प्रचारात असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती सु. २७,००० च होती, असे त्याच वर्षी दाखवून देण्यात आले. सांगितलेला उत्पन्नाचा उगम सांगितलेल्या उत्पन्नास पुरेसा आहे काय, ही त्या वेळी लावलेली कसोटी आजही तितकीच उपयुक्त आहे. अशा प्रकारच्या योजनेस ‘पाँझी योजना’ हे नाव त्याच्यावरूनच रूढ झाले. भारतात सभासदांची साखळी वाढविण्यावर आधारलेल्या योजनांना प्रतिबंध करण्यासाठी ‘बक्षीस चिठ्ठ्या व पैसा अभिसरण योजना (बंदी) अधिनियम’ १९७८ मध्ये करण्यात आला.

प्रकार : आंतरजालाच्या प्रसारानंतर या तंत्राने निरनिराळी रूपे घेतली. (१) जाहिरात-दर्शन योजना : अमेरिकेतील ‘१२ डेली प्रो’ या संकेतस्थळाने २००५-०६ मध्ये दररोज काही संकेतस्थळे पाहण्याच्या बदल्यात १२ दिवसांत भरलेल्या रकमेवर ४४ टक्के नफा देऊ केला व सु. ३ लाख सभासदांकडून सु. ५ कोटी डॉलर गोळा केले. वाटपापैकी किमान ९५ टक्के पैसा नव्या सभासदांच्या शुल्कातूनच आला होता, असे अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाने न्यायालयात म्हटले. (२) प्रश्नावली योजना : सिंगापूरस्थित ‘स्पीक एशिया’ या कंपनीने भारतात सभासदांकडून ११,००० रु. घेऊन, आठवड्यास दोन प्रश्नावल्या संगणकावर भरल्यास प्रत्येकी ५०० रु. देण्याची योजना चालविली. २०११ मध्ये तिच्या ग्राहक म्हणून सांगितल्या गेलेल्या नामांकित कंपन्यांनी तसा संबंध नाकारला आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. (३) बॉट योजना : २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘बिटकनेक्ट’ या योजनेत आज्ञावलीच्या आधारे महिन्यास ४० टक्क्यांपर्यंत परतावा मिळेल असा प्रचार होता. जानेवारी २०१८ मध्ये ती बंद पडली. तीत गुंतलेली एकूण रक्कम सु. २४० कोटी डॉलर असल्याचे अमेरिकी अभियोगपक्षाने सांगितले. (४) यंत्रभाडे योजना : ‘एचपीझेड टोकन’ या ॲपद्वारे ५७,००० रु. भरणारास तीन महिने दररोज ४,००० रु. देण्याचे आश्वासन होते, असे सक्तवसुली संचालनालयाच्या तपासात आढळले. (५) घरबसल्या काम : भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशानुसार एखाद्या चित्रफितीस पसंती दर्शविली की प्रारंभी दीड-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. नंतर अधिक मोबदल्याच्या कामासाठी आधी पैसे भरण्यास सांगतात आणि भरलेली रक्कम सोडवून घेण्यासाठी पुन्हापुन्हा नवी रक्कम मागतात.

महाराष्ट्रातील उदाहरण : ‘गेनबिटकॉइन’ ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज असून महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, तिचे अनेक सभासद होते. सभासदाने बिटकॉइन या आभासी चलनात ठेव ठेवावी आणि त्या चलनाच्या यांत्रिक उत्पादनातून (मायनिंग) त्यास १८ महिने दरमहा १० टक्के परतावा मिळावा, असे तिचे स्वरूप सांगण्यात आले. म्हणजे एका बिटकॉइनचे दीड वर्षात १·८ बिटकॉइन व्हावयाचे होते.

या आश्वासनातील विसंगती त्या चलनाच्या रचनेतूनच स्पष्ट होते. बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाख इतकी निश्चित केलेली आहे. सरासरी दर दहा मिनिटांनी एक नोंदसंच पूर्ण होतो व तो पूर्ण करणारास ठरलेले पारितोषिक मिळते. जुलै २०१६ पासून पुढील सु. चार वर्षे ते १२·५ बिटकॉइन होते. म्हणजे साऱ्या जगातील यंत्रांना मिळून दिवसास सु. १,८०० नवी नाणी मिळत. यंत्रांची संख्या वाढली, तर गणित आपोआप अधिक कठीण होते आणि प्रत्येक यंत्राच्या वाट्याचे उत्पन्न घटते. अशा व्यवस्थेत कोणाही उत्पादकास दरमहा ठरावीक टक्के नाणी देण्याची हमी देता येणे शक्य नाही. सभासदांपैकी फारच थोड्यांना हा तपशील ठाऊक असण्याचा संभव होता. अपरिचित तंत्र हेच अशा योजनांचे मुख्य भांडवल असते.

२०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या योजनेच्या स्वतःच्या, कितीतरी कमी मोलाच्या, चलनात देण्यात येऊ लागला. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यास अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. या प्रकरणाच्या तपासात तांत्रिक साहाय्य देण्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्त केलेले आभासी चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. निरनिराळ्या राज्यांत दाखल झालेली प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली आणि त्या विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. ठेव ठेवण्यास काही मिनिटे लागतात. ती परत मिळविण्याच्या कार्यवाहीस वर्षे लोटतात.

गणित : योजना प्रामाणिकपणे चालविली, तरी ती टिकू शकत नाही, हे साध्या आकडेमोडीने दाखविता येते. समजा, बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेकाठच्या देऊळघाट येथे एकाने योजना सुरू केली व प्रत्येक सभासदाने पाच नवे सभासद आणावयाचे ठरले. पहिल्या पायरीवर ५, चौथीवर ६२५, सहावीवर १५,६२५ आणि नववीवर १९,५३,१२५ सभासद लागतील. नवव्या पायरीअखेर एकूण संख्या २४,४१,४०६ होते. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या, तान्ह्या मुलांसह, २५,८६,२५८ होती. दहाव्या पायरीस आणखी ९७,६५,६२५ माणसे हवीत. जिल्ह्यात मात्र दीड लाखही उरत नाहीत. बाराव्या पायरीवरील संख्या (२४,४१,४०,६२५) त्याच जनगणनेतील महाराष्ट्राच्या (११,२३,७४,३३३) व तेराव्या पायरीवरील (१,२२,०७,०३,१२५) साऱ्या भारताच्या लोकसंख्येहून अधिक भरते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की योजना कोणत्याही पायरीवर थांबली, तरी एकूण सभासदांपैकी सु. चार-पंचमांश अखेरच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कोणीच नसल्यामुळे त्यांचा पैसा बुडणे अटळ असते.

साखळी नसलेल्या योजनेसही असेच गणित लावता येते. दररोज केवळ १ टक्का नफा मिळतो व तो मुद्दलात मिळविला जातो असे धरल्यास १०,००० रुपयांचे एका वर्षात सु. ३ लाख ७८ हजार आणि तीन वर्षांत सु. ५४ कोटी रुपये होतील. असे यंत्र खरोखर ज्याच्या हाती आहे, त्यास गावोगाव फिरून दहा-दहा हजार रुपये गोळा करण्याची गरज उरत नाही.

विश्वास बसण्याची कारणे : प्रारंभीचे हप्ते वेळेवर मिळतात, हा सभासदांना सर्वांत मोठा पुरावा वाटतो, परंतु ते हप्ते म्हणजे प्रवर्तकाचा जाहिरातखर्च होय. परतावा मिळालेला मनुष्य खोटे बोलत नसतो आणि म्हणूनच त्याच्या शब्दावर इतर विसंबतात. निमंत्रण बहुधा भाऊबंद, शेजारी, शिक्षक किंवा मित्र यांच्याकडून येते. पिकाचे पैसे, निवृत्तीची रक्कम, लग्नासाठी केलेली साठवण किंवा दागिने गहाण ठेवून उभारलेले कर्ज अशा मार्गाने योजनेत जाते. ॲपच्या पडद्यावर रोज वाढत जाणारा आकडा समाधान देतो. तथापि पडद्यावरील आकडा हा पैसा नव्हे, तो खात्यात जमा होऊन काढता आला तरच पैसा. योजना डळमळू लागल्यावर, तक्रार केली तर उरलेली रक्कमही अडकेल, या भीतीने सभासद गप्प राहतात. ज्याने नातलगांना सभासद केले, त्यास पैशाबरोबर माणसेही गमवावी लागतात.

ओळखण्याच्या कसोट्या : पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत व ती स्वतंत्रपणे पडताळून पाहावीत. (१) परताव्याचा पैसा नेमका कोणाच्या खिशातून येतो? नवे सभासद येणे थांबले तरी तो मिळेल काय? (२) बँकांच्या ठेवदराच्या कित्येक पट नफा ‘जोखमीविना’ सांगितला जातो काय? (३) ठेवी घेण्याची वा गुंतवणूक-व्यवसायाची परवानगी कोणत्या नियामकाने दिली आहे? कंपनीची नोंदणी किंवा कराचा क्रमांक म्हणजे अशी परवानगी नव्हे. (४) नवीन माणसे आणण्याबद्दलचा मोबदला मूळ कामाच्या मोबदल्याहून अधिक आहे काय? (५) रक्कम कंपनीच्या नावाच्या खात्यात जाते, की दर वेळी निराळ्या व्यक्तीच्या खात्यात? (६) स्वतःचेच पैसे काढण्यासाठी आधी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ भरावयास सांगतात काय? (७) ‘आजच शेवटची संधी’ अशी घाई केली जाते काय? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास उरलेले विचारण्याची आवश्यकता नाही.

विधिविषयक तरतुदी : १९७८ च्या अधिनियमानुसार पैसा अभिसरण योजना चालविणे, तिचा प्रसार करणे व तीत सभासद नोंदविणे हे गुन्हे आहेत, त्यामुळे इतरांना ओढणारा सभासद स्वतः फसलेला असला, तरी आरोपी ठरू शकतो. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९’ अन्वये ठेवी बुडविणाऱ्या संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटता येते. केंद्राच्या २०१९ च्या अधिनियमाने अनियंत्रित ठेव योजनांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, तर थेट विक्रीविषयीच्या २०२१ च्या नियमांनी त्या व्यवसायाच्या आडून साखळी योजना चालविण्यास मनाई केली. आपले बँक खाते मोबदला घेऊन दुसऱ्यास वापरू देणाराही तपासाच्या कक्षेत येतो, कारण फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरविला जातो.

उपाययोजना : फसवणूक लक्षात येताच आणखी रक्कम भरणे थांबवावे आणि १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात तत्काळ तक्रार नोंदवावी, बँकेसही कळवावे. रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती रोखून धरता येते. व्यवहारांच्या पावत्या, संदेश, खातेक्रमांक व पडद्यावरील मजकुराची छायाचित्रे जपून ठेवावीत. बेकायदा ठेवींविषयीची माहिती रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सचेत’ या संकेतस्थळावरही देता येते. बुडालेली रक्कम वसूल करून देतो, असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे ‘मध्यस्थ’ ही बहुधा त्याच फसवणुकीची पुढची पायरी असते. कायद्याची कार्यवाही बव्हंशी योजना कोसळल्यानंतर सुरू होत असल्याने, ठेवीदारास खरे संरक्षण पैसे भरण्यापूर्वी केलेल्या चौकशीतूनच मिळते.