मोबाइल घेताना आधी त्याचे पोट पाहा

बैलबाजारात गेल्यावर आपण काय करतो? बैलाचे दात मोजतो, खुरे पाहतो, पाठीवरून हात फिरवतो आणि दहा पावले चालवूनही पाहतो. शिंगांना लावलेला रंग आणि गळ्यातली घुंगरमाळ पाहून कोणी शहाणा माणूस पैसे मोजत नाही. पण हाच माणूस मोबाइलच्या दुकानात गेला की मागच्या बाजूचा चकचकीत रंग पाहतो, कॅमेरे किती ते मोजतो आणि दुकानदार सांगेल तो डबा पिशवीत घालून घरी येतो. दहा-बारा हजारांची वस्तू, पण तिच्या पोटात काय भरले आहे हे पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

ही सवय का लावावी, ते एका प्रसंगावरून पाहू. असा प्रसंग पुष्कळ घरांत घडतो. ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते. घरधनी सोयाबीनच्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढायला जातो आणि मोबाइल सांगतो, "जागा शिल्लक नाही." मुलांचे फोटो पुसावेत तर जीव होत नाही. नको असलेले खेळ आणि खरेदीचे ॲप काढावेत, तर ते निघत नाहीत. तोवर चार्जिंग संपते, आणि वीज येणार रात्री. ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि तेव्हापासून पिकाची नोंद आपल्या हातातल्या मोबाइलवर आली. हमीभावाने माल विकायचा असो की नुकसानभरपाई मागायची असो, सातबाऱ्यावर पीक लागलेले नसेल तर हेलपाटे ठरलेलेच. म्हणून शेतकऱ्याच्या घरी मोबाइल ही केवळ करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. तिफण आणि फवारणीचा पंप जसा वेळेवर चालू असावा लागतो, तसाच मोबाइलही.

दावणीला बांधलेली फुकटी जनावरे

नवा मोबाइल चालू केला की त्यात पंचवीस-तीस ॲप आधीच दिसतात. फोन लावण्याचे, संदेशाचे, कॅमेऱ्याचे ॲप हवेच. ते नसतील तर मोबाइल काय कामाचा? पण त्यांच्या शेजारी आपण न मागितलेले खेळ, खरेदीची दुकाने, बातम्या, कर्ज देऊ म्हणणारे ॲप आणि एकाच कामाची दोन-दोन ॲप बसलेली असतात. ही म्हणजे दावणीला बांधलेली फुकटी जनावरे. औताला जुंपायची नाहीत, दूध द्यायची नाहीत, पण वैरण मात्र रोज खाणार.

ही वैरण तीन प्रकारची असते. पहिली जागेची. डब्यावर ६४ जीबी लिहिलेले असते, पण मोबाइल चालवणारी यंत्रणा आणि आधीचे ॲप मिळून त्यातली पंधरा-वीस जीबी जागा पहिल्याच दिवशी गेलेली असते. शंभर पोत्यांचे गोदाम भाड्याने घ्यावे आणि कुलूप उघडल्यावर पंचवीस पोती दुसऱ्याची निघावीत, तसा हा प्रकार आहे. दुसरी वैरण इंटरनेटची. ही ॲप पाठीमागे गुपचूप चालतात आणि आपली नवी आवृत्ती आपणच उतरवून घेतात, त्यात आपल्या रिचार्जचा वाटा जातो. तिसरी बॅटरीची आणि रॅमची. रॅम म्हणजे मोबाइलची कामाची ओटी. ओटीवर पाहुणेच बसून राहिले तर घरच्यांनी धान्य निवडायचे कुठे? मग मोबाइल अडखळतो आणि आपण म्हणतो, "जुना झाला, नवा घ्यायला हवा."

कंपन्या असे का करतात?

याचे उत्तर व्यवहारात आहे. स्वस्त मोबाइलवर कंपनीला सुटणारा नफा थोडा असतो. शाओमी कंपनीने तर २०१८ साली जाहीरच केले होते, की आपल्या वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. मग घर कसे चालते? दुसऱ्या कंपन्यांचे ॲप आधीच भरून देण्याचे पैसे मिळतात आणि पडद्यावर जाहिराती दाखवण्याचेही मिळतात. म्हणजे मोबाइल स्वस्त मिळाला यात खोटे काही नाही, पण किमतीचा उरलेला भाग आपण जाहिराती पाहून, जागा देऊन हप्त्याहप्त्याने फेडत असतो. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार.

यावर उपाय करण्याचे प्रयत्नही झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने 'अँड्रॉइड वन' ही योजना पहिल्यांदा भारतातच आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे, ६,३९९ रुपयांपासूनचे मोबाइल तेव्हा आले आणि त्यांची यंत्रणा साधी, स्वच्छ ठेवण्याचा विचार होता. ती योजना पुढे मागे पडली. २०१७ साली कमी रॅमच्या मोबाइलसाठी 'अँड्रॉइड गो' ही हलकी यंत्रणा आली.

दरम्यान, भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगललाच १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मोबाइल कंपन्यांना गूगलचे सगळे ॲप एकगठ्ठा भरायला लावणे, हा त्यातला एक आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. खुद्द सरकारनेही नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'संचार साथी' हे ॲप नव्या मोबाइलमध्ये भरूनच देण्याचा आदेश काढला होता. त्यावर टीका झाली आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी ती सक्ती मागे घेण्यात आली. सांगायचे तात्पर्य एवढेच, की आपल्या मोबाइलमध्ये काय असावे हा भांडण मोठ्या दरबारापर्यंत गेलेला प्रश्न आहे. मात्र दुकानात तो सोडवायचा आहे तुम्ही-आम्हीच.

दुकानात गेल्यावर

घाई करू नका. सणाची सूट उद्या संपणार असे दुकानदार म्हणाला तरी पुढील गोष्टी पाहूनच पैसे द्या.

एक, त्याच जातीचा चालू मोबाइल मागा. दुकानात नमुना असतो, नाहीतर गावात कोणाकडे तरी तो असतोच. सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडा आणि किती जागा आधीच भरलेली आहे ते वाचा. ही झाली बैलाच्या दातांची परीक्षा.

दोन, एखाद्या नको असलेल्या ॲपवर बोट दाबून धरा. 'अनइंस्टॉल' असा शब्द आला तर ते काढता येते. तो न येता फक्त बंद करण्याचीच सोय असेल, तर ॲप झोपेल पण घर सोडणार नाही. दोन्हीही नसेल तर तो कायमचा भाडेकरू समजा.

तीन, मोबाइल कुलूपबंद असताना पडद्यावर जाहिराती, बातम्या किंवा खेळ येतात का, ते पाहा. येत असतील तर ते बंद करून दाखवायला दुकानदाराला सांगा.

चार, रॅमच्या आकड्याला भुलू नका. "८ जीबी रॅम" असे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत "४ + ४" लिहिलेले असते. त्यातली खरी रॅम चारच; उरलेली चार साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली आणि खऱ्या रॅमपेक्षा संथ. रोजच्या कामाला निदान ४ जीबी खरी रॅम आणि १२८ जीबी जागा पाहा. ऐपत असेल तर ६ जीबी रॅम घ्या.

पाच, सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार ते विचारा. आज बँकेचा व्यवहार मोबाइलवर आहे. सुधारणा थांबलेला मोबाइल म्हणजे कडी मोडलेले दार.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे तुम्ही विचाराल. स्वच्छ यंत्रणेसाठी लाव्हा ही भारतीय कंपनी आणि मोटोरोला यांचे नाव घेतले जाते. पण एकाच आईची लेकरे सारखी नसतात, तसे एकाच कंपनीचे दोन मोबाइलही सारखे नसतात. तेव्हा नावावर जाऊ नका, वरची परीक्षा प्रत्येक वेळी घ्या.

घरी आणल्यावर पहिली संध्याकाळ

मोबाइल पहिल्यांदा चालू करताना तो बरेच प्रश्न विचारतो. "ही ॲप घ्या" अशी शिफारस येते आणि चौकटींमध्ये आधीच खुणा केलेल्या असतात. 'पुढे' हे बटण दाबत जाण्याची घाई करू नका. खुणा काढा, 'वगळा' म्हणा. नातीला किंवा मुलाला शेजारी बसवा, पण वाचा तुम्हीही.

मग एकेक नको असलेले ॲप काढा. जे निघत नाही ते सेटिंग्जमध्ये ॲपच्या यादीत जाऊन बंद करा. बंदही होत नसेल तर त्याच्या सूचना आणि पाठीमागे इंटरनेट वापरण्याची परवानगी तरी काढून घ्या. प्ले स्टोअरमध्ये आपोआप होणाऱ्या सुधारणा फक्त वाय-फायवर होतील असे ठेवा, मात्र जिथे वाय-फाय मिळते तिथे महिन्यातून एकदा त्या होऊ द्या. एक सावधगिरी बाळगा. ज्याचे नाव कळत नाही अशा यंत्रणेच्या ॲपला हात लावू नका. तण काढताना पीक उपटले जाऊ नये.

तत्काळ कर्ज देऊ म्हणणाऱ्या ॲपला आपले संपर्क आणि फोटो पाहण्याची परवानगी चुकूनही देऊ नका. पैशांच्या व्यवहारात फसगत झालीच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवा. लाजेने लपवून ठेवल्यास चोराला वेळ मिळतो.

जुना मोबाइल घेत असाल तर

जुना मोबाइल वाईट नसतो. पण तो चोरीचा निघाला तर पैसेही जातात आणि बोलणीही खावी लागतात. मोबाइलवर *#०६# दाबा, पंधरा आकडी क्रमांक दिसेल. केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर संदेश पाठवा. त्या मोबाइलची माहिती येते. बिल मागून घ्या आणि मोबाइल पूर्ण पुसून नव्यासारखा करून घ्या. मात्र पुसल्यावर कंपनीने भरलेली ॲप परत येतात, तेव्हा पहिल्या संध्याकाळचे काम पुन्हा करावे लागेल.

शेवटी एवढेच. घरात मोबाइल एक असतो आणि त्यावर हक्क सगळ्यांचा. धन्याची पीक पाहणी, घरच्या बाईचा बचत गटाचा हिशेब, मुलीचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईचे परगावच्या लेकाशी बोलणे, हे सारे त्याच एका डबीतून चालते. या माणसांसाठी तिच्यात जागा हवी. ज्याला आपण बोलावले नाही त्याला ओसरीवर पाणी देणे हा आपला धर्म आहे, पण त्याला कणगीची किल्ली देणे हा नाही. पुढच्या वेळी दुकानात गेलात की आधी स्टोरेज उघडा, मग खिशात हात घाला.