डुक्कर काय खातं, त्यावर सगळं

२०१९च्या पशुगणनेत देशात ९० लाखांच्या आसपास डुकरं मोजली गेली. २०१२ साली ती १ कोटी ३ लाख होती. सात वर्षांत बारा टक्के घटली, आणि ही घट आफ्रिकन स्वाइन फीवर ही डुकरांची मोठी साथ देशात येण्याआधीची. एकट्या आसामात २१ लाख, त्याखालोखाल झारखंड आणि मेघालय. आपल्याकडे डुक्कर पाळलं जातं ते गावकुसाबाहेर, वडार-कैकाडी वस्त्यांच्या आसपास. खाल्लं जातं ते त्याच वस्त्यांत, गोव्यात, वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत आणि शहरातल्या महागड्या हॉटेलांत. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, त्यावर वाद नाही. पण या मांसाचे गुण आणि दोष दोन्ही बहुतेक ऐकीव माहितीवर सांगितले जातात, आणि त्या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे: ते जनावर काय खातं.

गाय, म्हैस, शेळी रवंथ करतात. त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटात जंतू चाऱ्याचं रूपच बदलून टाकतात. डुकराचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं. नुसत्या गवतावर ते पोसलं जात नाही. त्याला कंद, फळं, धान्य, किडे, उष्टं असं माणसाच्या ताटाजवळचं अन्न लागतं. म्हणूनच सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, आजच्या तुर्कस्तानात आणि स्वतंत्रपणे चीनमध्ये, रानडुक्कर माणसाच्या वस्तीला चिकटलं. त्या अन्नाचा हिशोबही ते चोख देतं. डुकरीण ११४ दिवसांत विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हा हिशोब पाळणाऱ्यांना तोंडपाठ असतो. एका वेताला आठ-दहा पिल्लं होतात. यॉर्कशायरसारख्या सुधारित जातीचं पिल्लू चांगल्या खुराकावर सहा-सात महिन्यांत शंभर किलोच्या घरात जातं.

चिखलात लोळण्याबद्दल त्याची फार बदनामी झाली आहे. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे उन्हात अंग थंड ठेवायला चिखल किंवा पाणी लागतं. पुरेशी जागा दिली तर ते झोपायच्या जागी घाण करत नाही.

आता मांसाकडे वळू. चरबी काढलेल्या कच्च्या मांसात दर १०० ग्रॅमला साधारण २१ ग्रॅम प्रथिनं असतात. बोकड आणि कोंबडीही जवळपास तिथेच आहेत, तेव्हा प्रथिनांसाठी डुकराचं वेगळं कौतुक करायचं कारण नाही. लोहात तर ते बोकडाच्या मागे आहे. चरबीचं मात्र एक उत्तर देताच येत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मऊ मांसात ती ३-४ ग्रॅम असते, तर पोटाच्या पट्ट्यात ५० ग्रॅमच्या वर, आणि तिथे प्रथिनं उरतात जेमतेम ९ ग्रॅम. ‘डुकराचं मांस चरबीचं असतं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कुठला तुकडा, हे आधी विचारायला हवं.

खरी बाजी हे मांस मारतं ते थायमिनमध्ये, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वात. १०० ग्रॅम कच्च्या मांसात ते ०.६ ते १ मिलिग्रॅम सापडतं. बोकडात किंवा कोंबडीत ०.१ च्या आसपास. प्रौढ माणसाची दिवसाची गरज सव्वा ते दीड मिलिग्रॅम आहे, हे पाहिलं की फरकाचं वजन कळतं. हेच जीवनसत्त्व पॉलिश केलेल्या तांदळातून निघून जातं आणि त्यातून बेरीबेरी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरला कोंबड्यांच्या खुराकावरून त्याचा माग लागला आणि १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

गोव्याच्या स्वयंपाकाने इथे नकळत शहाणपणा केलेला दिसतो. थायमिन पाण्यात उतरतं आणि खाण्याच्या सोड्याने नष्ट होतं; आंबट रसात मात्र ते त्या मानाने टिकतं. विंदालू आणि सोरपोतेल दोन्ही माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात शिजतात आणि रस फेकला जात नाही, त्यामुळे मांसातून सुटलेलं जीवनसत्त्वही पोटात जातं. जोडीला उकड्या तांदळाचा भात असेल तर तोही थायमिन राखून असतो. व्हिनेगर आलं ते मांस टिकावं म्हणून, पोर्तुगीजांच्या सवयीतून. जीवनसत्त्वाचा लाभ फुकटात पदरी पडला. सोरपोतेलात काळीजही पडतं. डुकराच्या काळजात १०० ग्रॅमला वीसेक मिलिग्रॅम लोह असतं, कोंबडीच्या काळजाच्या दुपटीहून जास्त. फक्त त्यात अ जीवनसत्त्वही भरमसाट असल्याने गर्भवतीने ते ताटात येऊ न देणं बरं.

चरबीबद्दल आणखी थोडं, कारण एका कप्प्याच्या पोटाचा मुद्दा इथे पुन्हा येतो. रवंथ करणाऱ्या जनावराने तेलबिया खाल्ल्या तरी पोटातले जंतू त्यांतली बरीच असंतृप्त चरबी संतृप्त करून टाकतात. डुकराच्या अंगावर मात्र खाल्लेलं तेल बऱ्याच अंशी जसंच्या तसं चढतं. मका-सोयाबीनवर वाढलेल्याची चरबी मऊ, खोबऱ्याच्या पेंडीवरची घट्ट. सर्वसाधारण डुकराच्या चरबीत संतृप्त भाग ३९ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याहून जास्त ओलेइक, म्हणजे ऑलिव्ह तेलात प्रामुख्याने असतं ते आम्ल. साजूक तुपात संतृप्त भाग साठ टक्क्यांवर, खोबरेल तेलात ऐंशीच्या वर. यावरून डुकराची चरबी औषध ठरत नाही, पण तुपाची धार सढळ हाताने धरणाऱ्याने तिला नावं ठेवताना जरा जपून.

गोव्याच्या चोरिसबद्दल मात्र मी इतका उदार होऊ शकत नाही. मीठ, मिरची, लसूण, व्हिनेगर लावून, उन्हात किंवा धुरावर वाळवून आतड्यात भरलेलं ते मांस पावात घालून खाताना काय लागतं, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. पण खारवलेलं, मुरवलेलं, धुरावलेलं सगळं मांस प्रक्रिया केलेल्या मांसात मोडतं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष. पहिला गट पुराव्याच्या खात्रीबद्दल बोलतो. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून चोरिस तंबाखूइतकं घातक ठरत नाही. सणासुदीला खायचा पदार्थ रोजच्या न्याहारीला आला की गणित बिघडतं.

राहिला जंतांचा प्रश्न, आणि तो सर्वांत चुकीचा समजला जातो. डुकराच्या मांसात साबुदाण्यासारखे पांढरट फोड दिसतात, त्यांत टीनिया सोलियम या फीतकृमीच्या अळ्या असतात. असं मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात त्या मात्र मांसातून येत नाहीत. फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतून पोटात गेली की अळ्या मेंदूपर्यंत पोचतात. म्हणजे जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो, आणि आपल्याकडे होतोही. डुकरालाही लागण होते ती माणसाचीच विष्ठा खाऊन. गोव्यातल्या जुन्या घरांमागचे डुकराचे संडास परदेशी पाहुण्यांना गमतीचे वाटत. या कृमीचं चक्र चालू राहायला त्याहून सोयीची रचना सापडली नसती. ते संडास आता बहुतेक गेले. उघड्यावर शौचाला बसणं आणि मोकाट डुकरं जिथे अजून एकत्र आहेत, तिथे दोष जनावराचा किती?

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात हाच व्यवहार उघडा पडतो. गावाला डुकरं नकोत, त्यांना हातही लावायचा नाही, म्हणून कैकाडी कुटुंबाने ती पकडायची आणि वर गावाचं हसू सोसायचं. सफाईची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आरोग्य खात्याच्या कागदांत जितका कोरडा दिसतो तितका तो गावात नसतो.

जानेवारी-फेब्रुवारी २०२० च्या सुमारास आफ्रिकन स्वाइन फीवर ईशान्य भारतात शिरला आणि मे महिन्यात आसामात त्याची खात्री झाली. माणसाला तो होत नाही, डुकरं मात्र झपाट्याने मरतात. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. एक-दोन डुकरांवर मुलांची फी आणि घरचं आजारपण निभावणाऱ्या कुटुंबाची त्यात पुंजीच जाते. विषाणू खारवलेल्या मांसातही महिनोन्‌महिने टिकतो आणि उष्ट्यातून पुढच्या कळपात पोचतो. हॉटेलचं उष्टं आणून घालणाऱ्याने ते आधी चांगलं उकळलंच पाहिजे. इंधनाचा खर्च वाढतो म्हणून बहुतेकांच्या हातून ते राहून जातं.

गोव्याच्या काळ्या, लहानखुऱ्या गावठी डुकराची ‘अगोंडा गोवन’ या नावाने देशी जात म्हणून नोंद झाली आहे. ती यॉर्कशायरइतकी भराभर वाढत नाही, पण इथलं हवामान आणि साधा खुराक सोसते. घेणाऱ्याने मात्र कुठल्याही जातीचं मांस तपासणी झालेल्या दुकानातूनच घ्यावं, फोड दिसले तर परत करावं. अख्ख्या तुकड्याच्या मधोमध ६३ अंश सेल्सियस आणि उतरवल्यावर तीन मिनिटं, खिम्याला ७१ अंश, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. व्हिनेगरात तासभर रटरटणारं विंदालू त्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. काळजी घ्यायची ती तव्यावर झटपट परतलेल्या तुकड्यांची आणि अर्धवट भाजलेल्या कबाबांची.