तेल जिरते कुठे?

डोक्यात तेल ‘जिरवणे’ हा आपल्या घरोघरचा शब्द. आजी टाळूवर खोबरेल थापते आणि म्हणते, जिरू दे. केस गळू लागले की औषधाकडूनही आपली हीच अपेक्षा असते. पण श्रोतेहो, ते जिरते म्हणजे जाते कुठे?

दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेतले त्याचे मूळ. मुंबईच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली दाखवून दिले की, खोबरेल केसाच्या काडीत शिरते आणि त्यातल्या प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाचे तेल किंवा खनिज तेल तसे करत नाही. (दोघेही खोबरेल विकणाऱ्या कंपनीत होते, हेही ध्यानात ठेवावे.) म्हणजे तेलाने केस तुटणे कमी होईल. मुळाशी नवा केस उगवणे ही गोष्ट निराळी.

मुळाशी पोहोचायचे तर वाटेत त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर असतो. तो कागदाहूनही पातळ, पण चिवट. लहान रेणूच त्यातून सरकतात. मिनॉक्सिडिलचा रेणू तसा लहान आहे. हे मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहण्याची कल्पना निघाली आणि 1988 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बाटलीत ते मद्यार्क आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले असते. मद्यार्क उडून जातो, औषध त्वचेवर दाट होते आणि मग आत सरकते. केसांची छिद्रे ही त्याची जवळची वाट. मुळाशी एक विकर त्याचे रूप पालटते, तेव्हा कुठे ते काम करते. ज्यांच्यात हे विकर कमी, त्यांना गुण कमी.

निरोगी त्वचेतून रक्तात जाते ते लावलेल्या औषधाच्या सरासरी दीड टक्क्याच्या आसपास. पण डोके खाजवून सोललेले असेल, पुरळ असेल, तर कुंपणच मोडलेले. मग जास्त औषध रक्तात जाऊन छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज येऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नये.

औषध कोरड्या डोक्यालाच लावायचे. आपल्या अकोले तालुक्यात, राजूर-भंडारदऱ्याकडे, पावसाळ्यात डोके वाळतच नाही म्हणा ना! ओल्या डोक्यावर औषध पातळ होते, ओघळते. आधी तेल चोपडून वर औषध लावणेही व्यर्थ. लावल्यावर चार तास डोके धुऊ नये. दुप्पट लावल्याने दुप्पट केस येत नाहीत, त्रास मात्र वाढतो. पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात. घाबरून बंद करू नका. फरक दिसायला चार महिने तरी लागतात, आणि सोडले की आलेले केसही जातात.

कारण शरीराच्या आत असेल, तर वरून लावून भागत नाही. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळाले. तेथे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले. असे झपाट्याने गळू लागले, तर औषधाच्या दुकानाऐवजी दवाखाना गाठावा.

आणि घरात तान्हे मूल असेल, तर औषध लावलेले डोके त्याच्या अंगाला लागू देऊ नका. युरोपात अशा संपर्काने बाळांच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी आहेत. औषध लावल्यावर हात साबणाने धुवा, डोके पूर्ण वाळू द्या, मगच बाळाला जवळ घ्या.