वाघाच्या वाटेवरून दुचाकी : रत्नागिरी – आंबा – दाजीपूर

मोटारसायकलवरून जंगल पाहायचे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते. लाल मातीचा सरळ रस्ता, दुतर्फा पिवळे गवत आणि लांबवर जिराफांच्या माना. प्रत्यक्षात आफ्रिकेतल्या बहुतेक नामांकित अभयारण्यांत दुचाकीला मज्जाव आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पर्यटक मोटारीतून फिरतात; मोटारसायकल घेऊन सफारीला निघता येत नाही. जिथे सार्वजनिक महामार्गच जंगलातून जातो, तिथे मात्र दुचाकीस्वारांना वाट मिळते. टांझानियातला दार-ए-सलामहून झांबियाकडे जाणारा महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ५० किलोमीटर धावतो. त्या पट्ट्यात ट्रक, बस, दुचाकी आणि हत्ती असे सगळेच एका रस्त्याचे वाटेकरी असतात. म्हणून तिथे वेगाला मर्यादा आहे, रस्त्यावर गतिरोधक आहेत आणि गाडीखाली प्राणी मेला तर दंडही आहे.

असा रस्ता आपल्या रत्नागिरीच्या उंबऱ्यापासून फार लांब नाही. शनिवारी पहाटे निघून रविवारी संध्याकाळी घरी परतता येईल, अशा साडेतीनशे किलोमीटरच्या फेरीत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची वेस, वाघांच्या ये-जा करण्याचा पट्टा आणि राधानगरी अभयारण्य ही तिन्ही येतात. ही फेरी प्रत्येक दुचाकीस्वाराने एकदा तरी करावी आणि आपण कुणाच्या वाटेवरून चाललो आहोत याचे भान ठेवून करावी, एवढेच मला या लेखातून सांगायचे आहे.

आपल्या जिल्ह्यातला व्याघ्र प्रकल्प

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१० मध्ये जाहीर झाला. मेळघाट, ताडोबा आणि पेंचनंतरचा हा राज्यातला चौथा आणि पश्चिम महाराष्ट्रातला एकमेव व्याघ्र प्रकल्प. चांदोली राष्ट्रीय उद्यान (३१७.६७ चौरस किलोमीटर) आणि कोयना अभयारण्य (४२३.५५ चौरस किलोमीटर) ही त्याची दोन अंगे. गाभा आणि बफर मिळून क्षेत्र भरते १,१६५ चौरस किलोमीटरच्या वर. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची नावे नेहमी घेतली जातात, पण या प्रकल्पाची पश्चिम कड रत्नागिरी जिल्ह्याला लागून आहे हे आपल्याकडे अनेकांच्या गावी नसते. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून प्रचितगडाची चढण चढली की माणूस थेट चांदोलीच्या जंगलात पोचतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा महाराष्ट्रातली चार ठिकाणे निवडली गेली : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यांपैकी चांदोली आणि राधानगरी या दोघांमधला डोंगरपट्टा आपण या फेरीत ओलांडतो.

नकाशा उघडून पाहा. उत्तरेला चांदोली, दक्षिणेला राधानगरी आणि मध्ये विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा यांचा डोंगराळ, झाडीचा पट्टा. तिथल्या जंगलांना राज्य सरकारने संवर्धन राखीव क्षेत्रांचा दर्जा दिला आहे. उत्तर-दक्षिण चालणाऱ्या प्राण्याला हा पट्टा म्हणजे सरळ वाट. माणसाचे रस्ते मात्र कोकणातून देशावर, म्हणजे पूर्व-पश्चिम जातात. आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ आणि फोंडा हे सगळे घाटरस्ते वाघाची वाट आडवी कापतात. २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला एक नर वाघ पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पोचल्याचे त्याच्या पट्ट्यांवरून ओळखले गेले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे दोन छायाचित्रे जुळवली की ओळख पक्की होते. या दोन जंगलांमधले घाटरस्ते त्या वाघाने कधी ना कधी ओलांडलेच असणार. ज्या डांबरावरून आपण टायर गरम करतो, त्याच डांबरावर त्याची पावले पडली आहेत.

शनिवार : पाली ते पावनखिंड

रत्नागिरीहून उजाडता उजाडता निघावे. हातखंबा तिठा, मग मुंबई-गोवा महामार्गाने पाली आणि तिथून डावीकडे कोल्हापूरचा रस्ता. नाणीज, दाभोळे, साखरपा. या मार्गावर रुंदीकरणाची कामे झाली आहेत आणि होत आहेत, त्यामुळे कुठे गुळगुळीत रस्ता तर कुठे खडी, असे अचानक बदल होतात. साखरप्याला चहा-नाश्ता उरकावा, टायरची हवा आणि चेनचा ताण बघून घ्यावा. घाट तिथून पुढे सुरू होतो.

आंबा घाटात चढताना गटाची खरी परीक्षा होते. पुढे वाट माहीत असलेला, शांत डोक्याचा चालक असावा. नवखे त्याच्या मागे, आणि सर्वांत शेवटी ज्याच्याकडे पंक्चरचे सामान, क्लच वायर, पाने-पक्कड आहे असा अनुभवी. शेवटच्या माणसाने कुणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, हा गटाचा पहिला नियम. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा रस्त्याचा नियम आहे. उतारावर क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक वापरला तर डिस्क तापत नाही आणि गाडी ताब्यात राहते. दिवाळीच्या सुमारास सकाळी वळणांवर दव असते, कातळातून झिरपणाऱ्या पाण्याने रस्त्याच्या कडेला शेवाळ धरलेले असते. तिथे पुढचा ब्रेक जोरात लावला की चाक घसरलेच.

माथ्यावर आले की कोकणचा दमट वारा मागे राहतो आणि अंगावर गारवा येतो. आंबा गावाच्या परिसरात पावसाळ्यानंतर कातळसड्यांवर सोनकीचा पिवळा गालिचा पसरतो. इथे गाड्या बंद करून थोडा वेळ नुसते उभे राहावे. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, उंच झाडांवरून झेपा घेत जाताना आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. धनेशाच्या पंखांचा फडफडाट तर झाडीआडूनही कळतो. इंजिन चालू असेल तर यातले काहीच पदरात पडत नाही.

आंब्याहून विशाळगडाकडे आत वळले की पावनखिंडीचा परिसर लागतो. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत शत्रूला थोपवले ते हे रान. इथे उभे राहिले की दाट जंगल, अरुंद घळ आणि पावसाळी चिखल यांचा त्या लढाईत किती वाटा होता ते ध्यानात येते. ज्या झाडीने तेव्हा स्वराज्याला आडोसा दिला, तीच आज वाघाला देते आहे. मलकापूर, बांबवडे करत कोल्हापूरला जेवण, आणि दुपारी राधानगरीचा रस्ता धरावा. मुक्काम राधानगरीला, आणि तोही अंधार पडायच्या आत. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे वेळापत्रक आखतानाच लक्षात ठेवावे.

रविवार : गव्यांच्या राज्यात

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर बांधायला घेतले. संस्थानचा आवाका पाहता तो केवढा मोठा संकल्प होता, हे भिंतीजवळ उभे राहिल्यावर उमगते. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे सात दरवाजे आजही पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या चिंतेचा आणि कौतुकाचा विषय असतात. धरणामागचे दाजीपूरचे रान हे कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे जंगल. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि आज राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. एका बाजूला राधानगरीचा जलाशय आणि दुसऱ्या बाजूला काळम्मावाडीचा, मध्ये हे जंगल.

दाजीपूरच्या फाटकातून आत ठक्याचा वाडा, सावराई सडा या बाजूंना जायचे ते वनखात्याच्या परवानगीने, सफारीच्या जीपमधून आणि सोबत वाटाड्या घेऊन. दुचाकी फाटकाबाहेर लावायची. पावसाळ्यात ही सफारी बंद असते. परंतु देवगड-निपाणी हा सार्वजनिक रस्ता राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाकडे उतरतो, आणि त्यावर आपण दुचाकीवरून असतो. आफ्रिकेतल्या त्या मिकुमीच्या पट्ट्याशी नाते सांगणारा आपला रस्ता हाच.

या रस्त्यावर गवा भेटण्याची शक्यता खरी आहे, म्हणून त्याची नीट ओळख हवी. जगातल्या रानटी गोकुळात गवा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सहा फुटांपर्यंत उंच आणि वजनाने हजार किलोच्या आसपास भरतो. आपली बुलेट दोनशे किलोंच्या आत. काळपट चकाकते अंग, पाठीवर उंचवटा आणि चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. एरवी तो लाजाळू. कळप रस्ता ओलांडताना म्होरक्या मादी आधी कडेला येते, मान वर करून वास घेते, एक जोरदार फुत्कार टाकते आणि मगच पाय पुढे टाकते. तिच्यामागे वासरे आणि बाकीच्या माद्या येतात. एक गवा गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असे कधीही समजू नये, कारण मागची झाडी अजून हलत असते. एकटा नर दिसला तर आणखी सावध राहावे. शंभर पावलांवर थांबावे, इंजिन बंद करावे, हॉर्न वाजवू नये, खाली उतरून मोबाइल पुढे करू नये. तो गेल्यावर आणखी थोडा वेळ थांबून मगच निघावे.

गर्दी आणि गोंगाट यांचा गव्यावर काय परिणाम होतो, हे पुण्याने ९ डिसेंबर २०२० रोजी पाहिले. कोथरूडमध्ये भरकटलेला गवा माणसांच्या घोळक्यापुढे तासन् तास सैरावैरा धावला, आणि पकडल्यानंतर त्याने प्राण सोडले. जंगलातल्या रस्त्यावर दहा गाड्यांनी घेरलेल्या गव्याची अवस्था याहून फार वेगळी नसते.

अंधाराचे गणित

या फेरीत रात्री गाडी चालवायची नाही, यामागे साधे गणित आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबेपर्यंत ४० मीटर जातात. वळणावरच्या घाटात मंद झोताचा प्रकाश तितका पोचतोच असे नाही, आणि काळा गवा काळ्या डांबरावर दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. ताशी ४० ला हेच अंतर साधारण निम्म्यावर येते. रात्री तापलेल्या डांबरावर सापही ऊब घ्यायला येतात. सह्याद्रीत सापडणारा चापडा पिवळा, हिरवा, तपकिरी अशा अनेक रंगांत असतो आणि पाचोळ्यात बेमालूम मिसळतो. पावसाळ्यात तर बेडूक आणि खेकडे शेकड्यांनी रस्ता ओलांडतात. त्यांच्या मरणाची नोंदही कुठे होत नाही.

इतरांनी यावर उपाय शोधले आहेत. कर्नाटकात बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पालगत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी उंच पूल व मार्ग बांधले. तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघासह १८ जातींचे वन्य प्राणी त्यांखालून ये-जा करताना आढळले. केनियात नैरोबी-मोम्बासा रेल्वे त्सावोच्या रानातून गेली तेव्हा हत्तींसाठी भुयारी वाटा ठेवाव्या लागल्या. वाट ठेवली की प्राणी ती वापरतात. आंबा घाटापासून फोंडा घाटापर्यंत जिथे जिथे रस्ता रुंद होईल, तिथे अशी सोय आराखड्यातच असली पाहिजे. ही मागणी करण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी त्या रस्त्यावरून नेहमी जाणाऱ्या आपल्यासारख्यांची आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला तेव्हा सह्याद्रीप्रेमींना केवढा आनंद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. सह्याद्रीत पुन्हा वाघांचा वंश वाढावा म्हणून हे सारे चालले आहे. चांदोली-कोयनेच्या गावांनी आपली घरे, शेते आणि देवळे मागे ठेवून जंगलाला जागा दिली. त्यांच्या मोकळ्या झालेल्या शेतांवर आज गवत उगवते आणि त्यावर गवे, सांबर चरतात. त्या लोकांनी जे दिले त्यापुढे आपल्याकडून मागितले जाते ते फारच थोडे आहे.

फोंड्याहून खाली उतरून नांदगावला महामार्ग गाठला, की तळेरे, खारेपाटण, राजापूर, लांजा करत दिवेलागणीला रत्नागिरी येते.

तर या दिवाळीच्या सुट्टीत जरूर निघा. गट सहा-आठ गाड्यांपेक्षा मोठा करू नका. मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारे नळकांडे लावलेली गाडी गटात घेऊ नका. घाटात ४० च्या आत राहा, प्लॅस्टिक पिशवीत बांधून घरी परत आणा, माकडांना खाऊ घालू नका आणि सूर्यास्तानंतर जंगलाच्या रस्त्यावर थांबू नका. जखमी प्राणी दिसला तर त्याच्याभोवती गर्दी न करता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.