बंदर उघडण्यापूर्वी : घरातील गेम सर्व्हर आणि पेढीची सुरक्षा

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे समुद्रकाठचे छोटे बंदर. उत्तरेस हर्णै, दक्षिणेस दाभोळ. अशा किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या कुटुंबांना बंदराची रीत वेगळी सांगावी लागत नाही. माल उतरतो, त्यावरील खूण पाहिली जाते आणि तो ज्याचा, त्याच्या वखारीत पोहोचतो. खूणच नसेल तर माल धक्क्यावर पडून राहतो. इंटरनेटच्या परिभाषेत ज्याला ‘पोर्ट’ म्हणतात, त्याचे कामही याच रीतीने चालते.

आज कोकणातील गावांतही फायबरची जोडणी पोहोचली आहे. सुट्टीत एकत्र खेळणारी चुलत-मावस भावंडे शाळा-कॉलेजसाठी पुणे-मुंबईला पांगतात. मग ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळाचा सर्व्हर गावच्या घरातील संगणकावर चालवावा आणि सर्वांनी रात्री तेथे भेटावे, असा बेत ठरतो. सर्व्हर सुरू होतो. बाहेरचे मात्र कोणीच आत येऊ शकत नाही. मग मुलगा राउटरच्या सेटिंगमध्ये एकामागून एक बदल करू लागतो.

हा प्रश्न केवळ खेळाचा असता तर त्याची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आपल्यापैकी अनेकांचे घर आणि दुकान एकाच छताखाली आहे. ज्या राउटरवर मुलाचा खेळ चालतो, त्याच राउटरवर दुकानाचे सीसीटीव्ही आणि हिशेबाचा संगणकही असतो. म्हणून हा विषय वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावा.

राउटर हा पेढीचा मुनीम

घराला बाहेरच्या जगात पत्ता एकच असतो. आतल्या प्रत्येक उपकरणाला राउटर खासगी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. बाहेरून अनोळखी मागणी आली की ती कोणाकडे द्यायची, हे राउटरला ठाऊक नसते, म्हणून तो ती परतवून लावतो. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणजे या मुनीमाला दिलेली लेखी आज्ञा : अमुक क्रमांकाची मागणी आली तर ती अमुक संगणकाकडे पाठवावी. माइनक्राफ्टच्या संगणकावरील जावा आवृत्तीचा नेहमीचा क्रमांक २५५६५ असून तो टीसीपी प्रकारचा आहे. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीचा क्रमांक १९१३२ आणि प्रकार यूडीपी. प्रकार चुकला तरी आज्ञा निष्फळ ठरते.

दोष शोधण्याचा क्रम

हिशेबातील फरक शोधताना आपण पहिल्या नोंदीपासून तपासत जातो. येथेही आतून बाहेर जावे.

प्रथम, घरातील दुसऱ्या उपकरणावरून सर्व्हरशी जोडणी होते का ते पाहावे. येथेच अडले तर राउटरला हात लावण्याचे कारण नाही. सर्व्हर बंद आहे किंवा संगणकाची फायरवॉल त्याला अडवत आहे. फायरवॉलमध्ये केवळ त्या सर्व्हरला परवानगी द्यावी. फायरवॉल समूळ बंद करू नये.

दुसरे, संगणकाचा आतील पत्ता कायम आहे का ते पाहावे. पावसाळ्यात वीज जाऊन आली की राउटर नव्याने पत्ते वाटू शकतो आणि काल चाललेली आज्ञा आज भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवते. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवावा.

तिसरे, घरात दोन पेट्या आहेत का? कंपनीने बसवलेली फायबरची पेटी आणि आपण विकत घेतलेला राउटर दोघेही मुनीमपण करत असतील, तर आज्ञा एकालाच देऊन भागत नाही. कंपनीची पेटी ‘ब्रिज’ अवस्थेत ठेवून घ्यावी.

चौथे, चाचणी घराबाहेरून करावी. अनेक राउटर घरातूनच घराच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे, आणि त्या वेळी सर्व्हर चालू असावा.

दारच आपले नसेल तर?

एवढे करूनही यश येत नाही, तेव्हा बहुधा कारण घरात नसतेच. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या नावाखाली जो पत्ता दिसतो, तो आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आहे. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. वाड्यातील आपल्या खोलीचे दार आपण उघडले, पण वेशीवरचा दरवाजा दुसऱ्याच्या हाती आहे, अशी ही स्थिती.

यामागे टंचाई आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. पुढील वर्षी, २०१२ मध्ये, १००.६४ पासूनचा टप्पा अशा सामाईक वापरासाठीच राखून ठेवण्यात आला.

खरी जोखीम

सीजीनॅट मागे असताना मुलगा जे काही करतो, त्याचा परिणाम दिसत नाही. म्हणून तो आणखी करतो : फायरवॉल बंद करतो, ‘डीएमझेड’ सुरू करून संगणकाची सर्वच दारे एकदम उघडतो. तरीही काही घडत नाही आणि ते बदल तसेच विसरले जातात. काही महिन्यांनी सीसीटीव्ही बाहेरगावाहून दिसावेत म्हणून वडील कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेतात. त्या क्षणी वेशीचा दरवाजा उघडतो आणि विसरलेली सर्व दारे जगासमोर येतात.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. ती घडवणारे अमेरिकेतील तीन तरुण माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातील चढाओढीतून या मार्गाला लागले होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचा गुन्हा कबूल झाल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या घटकातील दोष उघड झाला. खेळातील गप्पांमध्ये लिहिलेल्या एका ओळीने परका मनुष्य सर्व्हरच्या संगणकावर आपली आज्ञा चालवू शकत होता. त्याच संगणकात दुकानाच्या वह्या असतील तर काय होईल, हे सांगणे नको.

योग्य मार्ग

सर्व्हरसाठी वेगळा संगणक ठेवावा. हिशेबाच्या संगणकावर तो चालवू नये. एकच आवश्यक क्रमांक उघडावा. डीएमझेड आणि आपोआप दारे उघडणारे ‘यूपीएनपी’ बंद ठेवावे. रिमोट डेस्कटॉपचा क्रमांक ३३८९ कधीही उघडा टाकू नये. राउटर आणि डीव्हीआरचे मूळ पासवर्ड बदलावेत, सर्व्हर अद्ययावत ठेवावा आणि ‘व्हाइटलिस्ट’ लावून केवळ आपल्या भावंडांनाच प्रवेश द्यावा. सर्व्हरची अवस्था ‘पीसफुल’ ठेवली तर हल्ला करणारे राक्षस येत नाहीत आणि खेळ बांधकामाचाच उरतो. आपल्या घरांना ते अधिक रुचेल.

भावंडे चार-पाचच असतील तर पोर्ट उघडण्याची गरजच नाही. ‘टेलस्केल’सारखे खासगी जाळे प्रत्येकाच्या संगणकावर बसवले की सीजीनॅट असूनही ते एकमेकांना भेटतात आणि जगासाठी एकही दार उघडावे लागत नाही. स्थिर पत्ता घ्यायचाच असेल, तर त्याच्या आदल्या दिवशी राउटरमधील सर्व आज्ञा वाचून अनावश्यक त्या पुसाव्यात.

आपल्या धर्माने रत्नत्रयीचा क्रम दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य असा सांगितला आहे. नीट पाहावे, समजून घ्यावे, मग आचरावे. पाणी गाळून पिणाऱ्या घराला जयणा नवी नाही. मुलाच्या उत्साहाला विरोध न करता, एका संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून राउटरचे ते पान एकत्र वाचावे. कोणते दार का उघडले, हे ज्याला सांगता येते, त्याच्या हाती उद्या पेढीची किल्ली निश्चिंतपणे देता येईल.